चार मिनिटे तेवीस सेकंद

एअर फ्रान्सच्या उड्डाण ४४७ च्या विमानाचे अवशेष सापडले तो दिवस २ एप्रिल २०११. जागा दक्षिण अमेरिका आणि आफ्रिका यांच्या मधोमध, अटलांटिकच्या तळाशी, ३,९०० मीटर खोल. विमान बेपत्ता होऊन बावीस महिने झाले होते. मेच्या पहिल्या तीन दिवसांत दोन्ही रेकॉर्डर वर काढले. एकात विमानाचे आकडे होते, दुसऱ्यात कॉकपिटमधले शेवटचे दोन तास. इतका काळ खाऱ्या पाण्यात काढूनही दोन्हींतले सगळे वाचता आले.

फ्रान्सच्या बीईए या अपघात तपास संस्थेने अंतिम अहवाल दिला ५ जुलै २०१२ रोजी. खालच्या वेळा जागतिक प्रमाणवेळेतल्या आहेत. आपली वेळ हवी असेल तर साडेपाच तास मिळवायचे.

मंगळवार, २६ मे २००९

एअर फ्रान्सकडे पिटो नळ्यांची नवी खेप पोचली. पिटो नळी म्हणजे विमानाच्या नाकाखाली बाहेर आलेली, तोंड पुढे केलेली धातूची छोटी नळी. समोरची हवा तिच्या भोकात शिरते आणि त्या दाबावरून वेग कळतो. एअरबस ए-३३० ला अशा तीन असतात. आत बर्फ धरू नये म्हणून विजेने तापवलेल्या असतात.

२००८च्या मे महिन्यापासून कंपनीच्या विमानांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येत होती: खूप उंचीवर, ढगांच्या आसपास, वेगाचे आकडे काही क्षण खोटे पडत. बर्फाचे बारीक स्फटिक नळीत शिरत, तिची उष्णता त्यांना पुरी पडत नसे आणि भोक बुजे. मिनिटभरात सारे पूर्ववत होई. दर वेळी विमान सुखरूप उतरले होते. एप्रिलअखेर कंपनीने या जातीच्या सगळ्या नळ्या बदलायचे ठरवले.

शनिवार, ३० मे

पहिल्या विमानाच्या नळ्या बदलल्या. एफ-जीझेडसीपी या नोंदणीच्या ए-३३० ची पाळी अजून आली नव्हती.

रविवार, ३१ मे, २२:२९

रिओ दि जानेरोच्या गालेआँव विमानतळावरून उड्डाण ४४७ निघाले, पॅरिसकडे. एफ-जीझेडसीपी. वजन २३२.८ टन, मर्यादा २३३ टनांची. त्यात ७०.४ टन इंधन. प्रवासी २१६: पुरुष १२६, स्त्रिया ८२, मुले ७, एक तान्हे बाळ. कर्मचारी १२, त्यांत वैमानिक तीन.

कॅप्टन ५८ वर्षांचे, सुमारे अकरा हजार तासांचा अनुभव, दक्षिण अमेरिकेच्या सोळा फेऱ्या केलेले. एक सहवैमानिक ३७ वर्षांचा, साडेसहा हजार तासांचा. वर्षभरापासून कंपनीच्या संचालन केंद्रात काम करायचा आणि परवाना चालू राहावा म्हणून उडायचा. दुसरा ३२ वर्षांचा, २,९३६ तासांचा, त्यांतले ८०७ या जातीच्या विमानावरचे. त्याच्याकडे ग्लायडरचाही परवाना होता. त्या रात्री उजव्या सीटवर बसून विमान चालवण्याचे काम त्याच्याकडे होते.

चालवण्याचे काम म्हणजे बहुतेक वेळ ऑटोपायलटवर लक्ष ठेवणे. २९,००० फुटांच्या वर दोन विमानांत उभे अंतर हजारच फुटांचे असते, आणि तिथे उंची धरून ठेवायला ऑटोपायलट लागतो. म्हणून लांब पल्ल्याच्या वैमानिकाला त्या उंचीवर विमान हातात घ्यायची वेळ जवळजवळ येतच नाही. दोन्ही सहवैमानिकांनी वेग खोटा पडल्याचा सराव सिम्युलेटरमध्ये केला होता, पण कमी उंचीवरचा. पस्तीस हजार फुटांवर, विरळ हवेत, हाताने विमान कसे वागते, हे दोघांनाही कोणी करून दाखवले नव्हते. हा दोष त्या दोघांचा नव्हे. अभ्यासक्रमात तो धडाच नव्हता.

सोमवार, १ जून, ०१:३५

उंची ३५,००० फूट, वेग ध्वनीच्या ०.८२ पट. कॅप्टननी ब्राझीलच्या ‘अटलांटिको’ नियंत्रण केंद्राला जागा कळवली आणि पुढच्या दोन बिंदूंच्या वेळा दिल्या: साल्पू ०१:४८, ओरारो ०२:००. कंट्रोलरने ३५,००० वरच राहायला सांगितले आणि तासिल या बिंदूची वेळ विचारली. तासिलला ब्राझीलची हद्द संपते, डाकारची सुरू होते.

उत्तर आले नाही. पुढच्या अर्ध्या मिनिटात त्याने तीनदा विचारले. उत्तर आले नाही. त्याने ते तिथेच सोडले. या विमानाचे जमिनीशी झालेले ते शेवटचे बोलणे.

डाकारच्या केंद्राशी उपग्रहामार्फत जोडून घ्यायचा प्रयत्न विमानाने याच सुमारास दोनदा केला. दोन्ही वेळा जोडणी नाकारली गेली. डाकारच्या संगणकात या उड्डाणाचा आराखडाच नव्हता.

०१:४५

विमान हलू लागले. बाहेर नीट दिसावे म्हणून कॉकपिटचे दिवे मंद केले.

विषुववृत्ताजवळ दोन्ही गोलार्धांचे वारे एकमेकांना येऊन भिडतात, तिथे गडगडाटी ढगांची रांग उभी असते. हाच पट्टा उत्तरेकडे सरकतो तेव्हा आपल्याकडे पाऊस येतो, म्हणून तो आपल्याला परका नाही. तो ओलांडणे हे या मार्गाचे रोजचेच काम. मात्र रडारवर ढगांच्या गाभ्याची जागा पाहून बाजूने जायचे असते.

उजव्या सीटवरच्या वैमानिकाला वरून जायचे होते. ढगांच्या थरातून बाहेर पडण्याएवढे, थोडेसे वर. हवा अपेक्षेपेक्षा उबदार होती आणि विमान इंधनाने जड, त्यामुळे चढायला फारशी जागा नव्हती. तरी तो विषय त्याने पुन्हा पुन्हा काढला. कॅप्टन थांबू या म्हणाले. काचेवर विजेची निळसर चमक खेळली. कॅप्टननी ती सेंट एल्मोची आग असल्याचे सांगितले. त्यांनी ती आधी पाहिली होती.

तरुण माणसाच्या डोक्यात ‘वर’ हा एकच रस्ता बसत चालला होता, असे मला ही नोंद वाचताना वाटते. अहवालही त्याच्या या ओढीची दखल घेतो.

०१:५५

कॅप्टनच्या विश्रांतीची वेळ झाली. त्यांनी मागच्या खोलीत झोपलेल्या दुसऱ्या सहवैमानिकाला उठवले.

०१:५९

दोन सहवैमानिकांत सूत्रे देण्याघेण्याचे बोलणे झाले. कॅप्टन ऐकत होते. उजवीकडच्याने सांगितले: मघा जाणवले तसे धक्के पुढेही बसतील, आपण ढगात आहोत, तापमान हवे तसे उतरत नाही म्हणून सध्या फार चढता येत नाही. आणि डाकारची जोडणी झालेली नाही.

सगळे सांगून झाले. फक्त एक गोष्ट कोणी स्पष्ट बोलले नाही: आता दोघांत मुख्य कोण. गृहीत धरल्याप्रमाणे ती जबाबदारी उजव्या सीटवर गेली, म्हणजे तासांनी आणि वयाने लहान असलेल्याकडे. थोराला डावी सीट मिळाली, अधिकार मिळाला नाही. ढगांना कोणत्या बाजूने वळसा घालायचा, हेही ठरले नाही.

०२:०२

कॅप्टन कॉकपिटमधून बाहेर पडले. ओरारो बिंदू जवळच होता. ढगांची रांग समोर होती.

त्या रात्री त्याच वाटेने इतरही विमाने चालली होती. वीस मिनिटे पुढे असलेले लुफ्तान्साचे विमान दहा सागरी मैल पश्चिमेला सरकून गेले. बारा मिनिटे मागून येणारे आयबेरियाचे विमान तीस सागरी मैल पूर्वेला वळून गेले.

०२:०६:०४

उजवीकडच्याने केबिन कर्मचाऱ्यांना फोन केला. दोन मिनिटांत विमान आतापेक्षा जास्त हलेल, सांभाळून राहा. बाहेर पडलो की फोन करतो. तो फोन पुढे गेला नाही.

०२:०८:०७

डावीकडच्याने रडारची संवेदनशीलता वाढवली तेव्हा समोरचे चित्र बदलले. तो म्हणाला, “जरा डावीकडे घे हवं तर.” विमान बारा अंश डावीकडे वळले. वेग ०.८० वर आणला, इंजिनांचे बर्फरोधक चालू केले. जे दिसले त्यावर दोघांनी योग्य तेच केले. दिसले मात्र उशिरा.

नवव्या मिनिटाच्या पुढे कॉकपिटमधला पार्श्वभूमीचा आवाज बदलला. काचेवर आणि सांगाड्यावर बर्फाचे स्फटिक आपटत होते. बाहेर उणे चाळीसच्या आसपास. असा कोरडा बर्फ पंखाला चिकटत नाही, नळीत मात्र शिरतो.

०२:१०:०५

मुंबईत सोमवारचे सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

नळ्या बुजल्या. वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात, तेव्हा ऑटोपायलटने काम सोडले. घोड्यांच्या पलटणीच्या तुतारीसारखा त्याचा इशारा वाजला. पाठोपाठ इंजिनांची ताकद आपोआप राखणारा ऑटोथ्रस्टही सुटला. उजवीकडचा म्हणाला, “कंट्रोल माझ्याकडे.”

या क्षणी विमान धडधाकट होते. दोन्ही इंजिने चालू, पंख सरळ, उंची ३५,०००, आणि खरा वेग जिथे असायला हवा तिथेच. बिघडला होता तो वेग सांगणारा काटा. सपाट उड्डाणात या विमानाचे नाक क्षितिजाच्या अडीच अंश वर असते. ते तिथे ठेवायचे, इंजिनांची ताकद आहे तशी राहू द्यायची आणि मग चेकलिस्ट काढायची. नाक कुठे आहे आणि ताकद किती आहे, एवढे दोन आकडे धरले की वेग आपोआप तोच राहतो. छोट्या विमानात पहिल्या काही तासांतच हे शिकवतात.

विमान उजवीकडे आठ अंश कलले. त्याने साइडस्टिक (विमान हाताने चालवायची बाजूची छोटी दांडी) डावीकडे नेली आणि त्याच हालचालीत मागे ओढली.

उंचीचा आकडाही सुमारे ३०० फुटांनी खाली घसरलेला दिसत होता, तोही खोटा. ती तूट भरायला त्याने ओढले असेल. किंवा मघापासून मनात असलेल्या ‘वर’मुळे. किंवा नुसते दचकून. हात का ओढला गेला, ते रेकॉर्डर सांगत नाही. ओढला गेला, एवढे सांगतो.

०२:१०:०८

स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटण्याचा, इशारा दोनदा तुटक वाजला. डावीकडचा वेग २७५ नॉटवरून ६० वर कोसळला. डावीकडच्याने हा काय आवाज, असे विचारले.

०२:१०:१६

डावीकडचा म्हणाला, वेगाचे आकडे गेले. मग वाचले: ‘अल्टर्नेट लॉ’. या दोन शब्दांचा अर्थ असा की एरवी ए-३३० स्टॉल होऊच देत नाही, वैमानिकाने स्टिक कितीही ओढली तरी संगणक त्याला आवरतो. तो पहारा आता उठला आहे. त्याने शब्द वाचले. त्यांच्यावर दोघांत बोलणे झाले नाही. वेग खोटा पडला तर वापरायची चेकलिस्ट कोणी मागितली नाही.

पंख डावी-उजवीकडे झोके घेत होते. या अवस्थेत कलण्याचे नियंत्रण जास्त तिखट होते, आणि पहिले अर्धे मिनिट उजवीकडच्याचे सारे लक्ष ते सावरण्यात गेले. नाक दहा अंशांच्या वर चढले होते. विमान मिनिटाला ७,००० फूट या गतीने वर जात होते.

०२:१०:२७

“वेगाकडे लक्ष दे,” डावीकडचा म्हणाला. मग खाली ये, म्हणाला. वर चाललो आहोत, खाली ये. उजवीकडच्याने हो म्हटले, स्टिक थोडी पुढे केली. चढण मिनिटाला ७०० फुटांवर आली. नाक मात्र अजून वरच होते.

डावीकडच्या पडद्यावर वेग परत आला: २१५ नॉट. तो आकडा खरा होता. नळी २९ सेकंद बुजली होती, आता मोकळी झाली. दुखणे संपले होते. विमान ३७,५०० फुटांवर होते आणि पंख हवेला अजून चार अंशांनीच छेदत होते. इथून ते वाचवता येत होते.

०२:१०:५०

डावीकडच्याने कॅप्टनना बोलावण्यासाठी घंटी दाबली. पुन्हा दाबली. पुन्हा. त्याचे डोळे दाराकडे लागले.

०२:१०:५१

स्टॉलचा इशारा पुन्हा सुरू झाला आणि थांबला नाही. इंग्रजीत एक यांत्रिक आवाज ‘स्टॉल’ म्हणतो आणि त्यामागे रातकिड्यासारखी कर्कश किरकिर. उजवीकडच्याने इंजिनांची ताकद पूर्ण केली आणि स्टिक मागेच धरून ठेवली.

स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणे नव्हे. पंख हवेला बेताच्या कोनात भिडला तर हवा त्याच्या पाठीवरून वाहते आणि त्याला उचलते. कोन फार वाढला की हवा पाठ सोडते आणि पंख नुसती फळी होतो. उपाय एकच: नाक खाली, कोन कमी, हवेला पुन्हा पंखावर बसू दे. बारामतीत किंवा गोंदियात शिकणारी मुले दोन-चार आसनी विमानात चार-पाच हजार फुटांवर जाऊन हे मुद्दाम करतात. विमान थरथरते, नाक गळते, पोटात गोळा येतो, आणि शेजारचा प्रशिक्षक म्हणतो, स्टिक पुढे. जमीन समोर दिसत असताना हात पुढे न्यायचा असतो. मनाविरुद्धची हालचाल आहे ती. म्हणूनच ती पुन्हा पुन्हा करून हातात मुरवावी लागते. ग्लायडर उडवणाऱ्याला तर ती इतरांहून आधी येते, कारण त्याला इंजिनच नसते.

कंपनीच्या सिम्युलेटरमधला स्टॉलचा सराव वेगळा होता: जमिनीजवळ, इशारा वाजताच पूर्ण ताकद द्यायची आणि उंची घालवायची नाही. पस्तीस हजार फुटांवर इंजिनाकडे द्यायला जास्तीची ताकद नसते. द्यायला असते ती उंची.

शेपटीचे आडवे पाते स्टिकच्या मागणीप्रमाणे आपोआप फिरत गेले: तीन अंशांवरून तेरा अंश, नाक वर करणाऱ्या दिशेने. मिनिटभरात. ते तिथेच राहिले.

०२:११:१० च्या सुमारास

३८,००० फूट. चढण संपली. नाक सोळा अंश वर. त्या नाकाला वर धरेल एवढा वेग आता विमानात नव्हता. ते खाली येऊ लागले.

समोरच्या पडद्यावर कृत्रिम क्षितिज होते, निळे आभाळ आणि तपकिरी जमीन, मध्ये विमानाची खूण. ते पूर्ण वेळ बरोबर चालत होते. हे लिहिताना मला वांद्र्याचा समुद्र आठवतो. १ जानेवारी १९७८च्या रात्री सांताक्रूझहून दुबईला निघालेले एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ दोन मिनिटांच्या आत त्या समुद्रात गेले, २१३ माणसांसह. तिथे कॅप्टनसमोरचे हेच यंत्र उजवीकडे कललेले अडकले होते आणि त्यांनी त्यावर विश्वास ठेवला. इथे यंत्र खरे सांगत होते. नाक सोळा अंश वर, आणि उंचीचा आकडा धडाधड उतरतो आहे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असतील तर त्याला एकच नाव आहे. रेकॉर्डरवर ते नाव तिघांपैकी कोणीही उच्चारलेले नाही.

०२:११:३७

डावीकडच्याने कंट्रोल स्वतःकडे घेतले, तसे बोललाही. उजवीकडच्याने लगेच ते परत घेतले, काही न बोलता. दोघांच्या साइडस्टिक एकमेकींना जोडलेल्या नसतात. एक हलली म्हणून दुसरी हलत नाही. उजवी स्टिक उजव्या भिंतीकडे, अंधारात, एका हाताच्या मुठीत. जुन्या विमानांत दोघांच्या गुडघ्यांमध्ये मोठे योक असायचे आणि एकाने ओढले की दुसऱ्याच्या पोटाला लागायचे. इथे डावीकडच्याला शेजारचा हात दिसत नव्हता.

०२:११:४३

कॅप्टन आत आले. ऑटोपायलट सुटून दीड मिनिट झाले होते. काय चालले आहे, त्यांनी विचारले. दोघांनी सांगितले, विमान ताब्यात राहत नाही.

आणि ते दारात असतानाच इशारा थांबला. सलग ५४ सेकंद वाजून. विमान सावरले म्हणून नव्हे. हवा आता पंखाला चाळीस अंशांहून जास्त कोनात, जवळजवळ खालून, येत होती आणि पुढच्या दिशेचा मोजलेला वेग इतका घटला होता की संगणकाने तो आकडा अशक्य मानून टाकून दिला. वेग नाही, म्हणून कोन नाही. कोन नाही, म्हणून इशारा नाही. कॅप्टननी आत पाऊल ठेवले तेव्हा रातकिडा गप्प होता. उंची ३५,००० फूट, सुरुवातीला होती तीच. खाली येण्याची गती मिनिटाला १०,००० फूट. इंजिने पूर्ण ताकदीवर.

०२:१२:०२

उजवीकडच्याने सांगितले, माझ्यासमोर काही दिसत नाही. डावीकडचा म्हणाला, भरवशाचा एकही आकडा नाही. ताकद कमी केली गेली. पंधरा सेकंदांनी उजवीकडच्याने स्टिक पुढे केली.

हेच हवे होते. कोन थोडा उतरला, वेगाचा आकडा परत आला, तो आल्याबरोबर संगणकाला कोन कळला, आणि इशारा पुन्हा ओरडू लागला. ज्या हालचालीने जीव वाचणार होता तिच्यावर विमान ओरडले. मागे ओढल्यावर गप्प झाले. त्या तिघांना आपण कितीही नावे ठेवली, तरी हा सेकंद वाचताना मी थांबतो. यंत्राने त्यांना उलटे शिकवले.

स्टिक पुन्हा मागे आली.

०२:१२:३० ते ०२:१३:३०

पंख चाळीस अंशांपर्यंत झोके घेत होते. आपण वर चाललो आहोत की खाली, असे तिघे एकमेकांना विचारत होते. उंचीचा आकडा समोर होता. तीस हजार. पंचवीस. वीस. पंधरा. मागे बसलेल्या कॅप्टनना पंख सरळ करण्यापलीकडे सुचवता येत नव्हते. उजवा हात त्यांनाही दिसत नव्हता.

केबिनमध्ये त्या वेळी काय जाणवत असेल? नाक वर, इंजिनांचा आवाज, हेलकावे. धक्क्यांची सूचना सहा मिनिटांपूर्वी दिली गेली होती.

०२:१३:३२

“दहा हजारांवर येतोय आपण,” उजवीकडचा म्हणाला.

०२:१३:४०

मग त्याने सांगितले की तो मघापासून स्टिक पूर्ण मागे ओढून धरून आहे. साडेतीन मिनिटांत हे वाक्य पहिल्यांदा कॉकपिटमध्ये बोलले गेले.

कॅप्टन म्हणाले, “नाही, नाही, नाही. वर नको घेऊ.”

डावीकडचा म्हणाला, खाली घे. काही सेकंद दोन्ही स्टिक एकाच वेळी हलत होत्या. मग उजवीकडच्याने कंट्रोल डावीकडच्याला देऊन टाकले. नाक खाली जाऊ लागले. हा उपाय बरोबर होता. त्याला लागणारी उंची तीन मिनिटांपूर्वी होती.

०२:१४:१७

जमिनीपासूनचे अंतर मोजणाऱ्या यंत्राने पहिला इशारा दिला: फार वेगाने खाली येत आहात. मग दुसरा: नाक वर घ्या. उजवीकडची स्टिक पुन्हा मागे गेली.

कॅप्टननी नाकाचा कोन मोठ्याने वाचला. संकटाचा संदेश रेडिओवर गेला नाही.

०२:१४:२८

शेवटची नोंद. खाली येण्याची गती मिनिटाला १०,९१२ फूट. जमिनीवरून मोजलेला वेग १०७ नॉट. डावीकडे कल ५.३ अंश. दिशा पश्चिम. नाक १६.२ अंश वर.

ऑटोपायलट सुटल्यापासून चार मिनिटे तेवीस सेकंद.

०२:१५

पॅरिसमध्ये कंपनीच्या देखभाल विभागाच्या संगणकावर पाच मिनिटांत या विमानाचे २४ स्वयंचलित संदेश येऊन पडले होते. हे संदेश मेकॅनिकसाठी असतात: विमान उतरल्यावर कोणता भाग तपासायचा, ते आधी कळावे म्हणून.

०२:२०

तासिल ओलांडायची वेळ झाली. ब्राझीलच्या कंट्रोलरला ती वेळ विमानाकडून मिळालीच नव्हती. विमान डाकारच्या हद्दीत गेले असे त्याने धरले. विमानातून डाकारशीही कोणी बोलले नव्हते, पण या भागात रेडिओ कधी लागतो, कधी लागत नाही. त्याची सवय होती.

०२:४७

दरम्यान डाकारच्या संगणकात उड्डाणाचा आराखडा भरला गेला होता. आराखडा मिळाल्यावर संगणक त्या उड्डाणाची खूण ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या गतीने पुढे सरकवत राहतो. खरे विमान तिथे आहे की नाही, हे त्याला ठाऊक नसते. पुढची हद्द केप व्हर्द बेटांवरच्या साल केंद्राची. डाकारच्या कंट्रोलरने सालला फोनवर कळवले: एअर फ्रान्स ४४७, हद्दीवर ०३:४५ ला पोचेल, उंची ३५,०००, वेग ०.८२.

युरोपातल्या केंद्रांनी विमान संकटात असल्याचे जाहीर केले ते सकाळी साडेआठच्या सुमारास. तोवर पडद्यावरची खूण सरळ रेषेत उत्तरेकडे गेली होती.